सोंग आणि गाणारा

केनियातून निघालेल्या, ब्रिटिश पारपत्र बाळगणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांना अटकाव करणारा कायदा ब्रिटिश संसदेने १९६८ च्या आरंभी अवघ्या काही दिवसांत मंजूर केला, आणि त्याच वर्षी २० एप्रिलला हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे परदेशांतून येऊन वसणाऱ्यांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना तत्काळ छायामंत्रिमंडळातून बडतर्फ केले, तरी लंडनच्या गोदीतील कामगार पॉवेल यांच्या तरफदारीसाठी संसदेवर चालून गेले. अशा वातावरणात, १९६९ च्या जानेवारीत, बीटल्सच्या तालमींत ‘गेट बॅक’ या गीताचा जो कच्चा मसुदा आकार घेत होता, त्यात पाकिस्तानी लोक इतरांच्या नोकऱ्या बळकावतात ही पॉवेलपंथीयांची तक्रार त्यांच्याच मुखाने वदवून तिचा उपहास करण्याचा उद्देश होता.

एप्रिलमध्ये गीत प्रसिद्ध झाले तेव्हा तो मजकूर गाळलेला होता, आणि ते उचितच झाले असे माझे ठाम मत आहे. द्वेष्ट्याचे सोंग घेणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, तो तबकडीवर उमटत नाही. उमटतात ते शब्द, आणि ते शब्द एकदा चालीवर चढले की गिरणीच्या फाटकाशी एखाद्या पाकिस्तानी मजुराला उद्देशून गुणगुणणाऱ्या टवाळास मूळ उपहासाशी काही कर्तव्य उरत नाही. चोरट्या ध्वनिमुद्रणांतून तो मसुदा पुढे बाहेर पडला, तेव्हा खुद्द बीटल्सचे गीतकार पॉल मॅकार्टनी यांच्यावर वंशद्वेषाचा आळ आला व त्यांना खुलासा करणे भाग पडले.

१९७६ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा बर्मिंगहॅमातच, बॉब मार्ली यांच्या गीताने ज्यांना मोठे यश दिले होते त्या एरिक क्लॅप्टन यांनी रंगमंचावरून पॉवेल यांची उघड भलामण केली, आणि तिच्या निषेधार्थ लिहिलेल्या एका पत्रातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. याच शहरातील हँड्सवर्थ वस्तीतल्या ‘स्टील पल्स’ या कृष्णवर्णीय वादकवृंदाने ‘कू क्लक्स क्लॅन’ हे गीत गाताना त्या नावाच्या अमेरिकी वर्णद्वेषी संघटनेचे पांढरे, टोकदार बुरखे स्वतःच्या मस्तकी चढविले. ज्यांच्या जिवावर तो द्वेष उठला होता, त्यांनीच ते सोंग घेतल्यामुळे उपहासाचा रोख कोणाकडे आहे याविषयी श्रोत्यास तिळमात्र संदेह राहिला नाही. बीटल्सच्या मसुद्याला नेमके हेच बळ नव्हते. १९७८ च्या ३० एप्रिलला, पॉवेल यांच्या भाषणास दहा वर्षे लोटल्यावर, ‘स्टील पल्स’ हा वृंद लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये त्या चळवळीच्या विराट मेळाव्यात ‘क्लॅश’ या वादकवृंदाच्या बरोबरीने गायिला.