चुन्याची रेघ आणि आतल्या गोगलगायी



मागच्या मृगात एक शेतकरी भर दुपारी माझ्याकडे आले. बसायलाही तयार नव्हते. "साहेब, तुम्ही म्हणलात म्हणून दोन एकर सोयाबीनला चारी बाजूंनी चुन्याचं कुंपण घातलं. तरी गोगलगायींनी निम्मी तासं साफ केली. आता दुबार पेरणीचं बी कोण देणार?"

मी त्यांच्याबरोबर शेतावर गेलो. रेघ चांगली वीतभर रुंद होती, पण रात्रीच्या पावसाने तिचा नुसता चिखल झाला होता. चुना कोरडा असेल तोवरच गोगलगायीच्या ओल्या अंगाला झोंबतो. एवढ्यात त्यांच्या घरच्या वहिनींनी कडब्याच्या गंजीखालचे दोन दगड उलथे केले. "साहेब, कुंपण बाहेरच्याला. ह्या तर घरातच नांदत्यात." खाली शंखांचा ढीग, आणि ओल्या मातीत पांढुरक्या अंड्यांचे पुंजके! चूक माझी होती. मी चुना सांगितला, पण आधी आत शोधा हे सांगायचे राहून गेले.

ही शंखी गोगलगाय मूळची आपली नव्हे. ती पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रज अंमलदाराने मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणली आणि तिथल्या बागेत सोडली. पुढे ती रोपे, माती, खत यांबरोबर देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे तिने कोवळ्या सोयाबीनचा कसा फडशा पाडला, ते पुष्कळांनी पाहिले आहे. हिच्यात प्रत्येक जीव नरही असतो आणि मादीही. एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड बंद करून दगडाखाली, बांधात पडून राहते आणि पहिल्या पावसाबरोबर, नेमके आपले बी उगवताना, बाहेर येते.

कुंपण घालून फसलेले आमचे हे गृहस्थ एकटे नाहीत. ऑस्ट्रेलियात १८५९ साली ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी विलायतेहून आणलेले चोवीसेक ससे मोकळे सोडले. काही वर्षांत त्यांनी कुरणे आणि पिके खाऊन शेतकऱ्यांना रडकुंडीस आणले. मग पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९०१ ते १९०७ या काळात दक्षिणेच्या समुद्रापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत १,८३३ किलोमीटर लांबीचे जाळीचे कुंपण उभारले. ससा उकरून खालून जाऊ नये म्हणून जाळी सहा इंच जमिनीत पुरली. राखणदार उंटांवरून गस्त घालीत. एवढा खटाटोप केला, पण काम चालू असतानाच, १९०२ मध्ये, ससे कुंपणाच्या आतल्या बाजूला सापडले! मग मागे दुसरे कुंपण, त्यामागे तिसरे. ससे खरे कमी झाले ते १९५० नंतर, त्यांच्यात मुद्दाम रोग सोडल्यावर. आणि तोही पुढे त्यांना पचू लागला.

तर आपण काय करावे? पेरणीआधीच बांधावरचे गवत, दगडांचे ढीग, उकिरड्याच्या कडा तपासा. अंडी दिसली की उन्हात पसरा. पाऊस पडल्यावर संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून ठिकठिकाणी टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ शेतात मात्र फेकू नका, जमीन बिघडेल. उघड्या हाताने धरू नका. हिच्या अंगात मेंदूला बाधणाऱ्या जंताची पिल्ले असू शकतात, म्हणून हाताला पिशवी बांधा, आणि लेकरांना शंखाशी खेळू देऊ नका. चुना यानंतर, उघडीप पाहून, चार बोटे रुंद आणि सलग. पाऊस झाला की पुन्हा. एवढे करूनही आवरल्या नाहीत तर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या एकरी २ किलो, पण कुत्री, कोंबड्या, गुरे तिकडे फिरकता कामा नयेत.

एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्याच्या बांधावरून रात्रीत परत येतात. त्या वहिनींनी शेजारच्या तीन घरच्या बायका गोळा केल्या आणि आठ दिवस रोज संध्याकाळी कंदील-बॅटऱ्या घेऊन चारही शेते पालथी घातली. पहिल्या रात्री सहा बादल्या भरल्या, आठव्या रात्री अर्धी. दुबार पेरलेले सोयाबीन त्यांना हाती लागले. पहिल्या पेऱ्याचे बियाणे मात्र गेले ते गेलेच, आणि चुन्याच्या पैशांवरून घरमालक अजून मला टोमणे मारतात.