ताळेबंदातला देश

गेल्या वर्षी सहा महिने मिसिसागाला मुलाकडे होतो. गेलो त्या आठवड्यात घरात परीक्षेचे वातावरण होते. चाळिशी ओलांडलेले मुलगा आणि सून रात्री जेवणाच्या टेबलावर सनावळ्या घोकत होते आणि अकरा वर्षांची नात त्यांना प्रश्न विचारत होती. ‘‘कॉन्फेडरेशन कधी?’’ ‘‘१८६७.’’ ‘‘तेव्हा प्रांत किती?’’ मुलगा अडला. सून म्हणाली, ‘‘चार. आँटारिओ, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक.’’

परीक्षा नागरिकत्वाची. १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला ती द्यावी लागते. वीस प्रश्न, त्यांतले पंधरा बरोबर आले की उत्तीर्ण. मी वयाने त्यातून सुटलेला आणि मला त्या पासपोर्टची हौसही नाही. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे या दोघांना भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार होता. एवढी वस्तू देऊन मुलगा जे घेतो आहे ते आहे तरी काय, हे बापाला पाहावेसे वाटले. मी त्यांची पुस्तिका मागून घेतली.

‘डिस्कव्हर कॅनडा’ हे तिचे नाव. ती २००९ साली निघाली. त्यातला इतिहास एका दुपारी वाचून होतो. मग वाचनालयातून डेस्मंड मॉर्टन यांचा ‘अ शॉर्ट हिस्टरी ऑफ कॅनडा’ आणला. १७५९ साली इंग्रजांनी क्वेबेकजवळ फ्रेंचांचा पराभव केला. १७७४ च्या कायद्याने फ्रेंचांना त्यांचा धर्म आणि दिवाणी कायदा राखू दिला. १८६७ मध्ये संघराज्य झाले, १८८५ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतच्या रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला, १९३१ मध्ये कायदे करण्याची स्वायत्तता आली आणि १९८२ मध्ये राज्यघटना लंडनहून घरी आली. रक्तपात थोडा, वाटाघाटी फार. वाचून बरे वाटले.

पण माझी हयात बँकेत गेली. आमच्याकडे रोजकीर्द, तिच्यावरून खतावणी आणि शेवटी ताळेबंद. भागधारक फक्त ताळेबंद वाचतो, आणि ते गैर नाही. रोजकीर्द वाचायला आयुष्य पुरणार नाही. मात्र मुरलेला अधिकारी ताळेबंद हातात आला की आधी शेवटच्या टिपा उघडतो. न्यायालयात पडलेले दावे, दिलेल्या हमी, संभाव्य देणी तिथे बारीक अक्षरांत असतात. ताळेबंद खोटा नसतो; तो एका तारखेचा असतो, आणि कोणती रक्कम कोणत्या सदरात टाकायची हे कोणीतरी ठरवलेले असते. देशाचा संक्षिप्त इतिहासही असाच वाचावा लागतो.

ही टीप मला नातीने दाखवली. ३० सप्टेंबरला ती केशरी शर्ट घालून शाळेत निघाली. विचारले तर म्हणाली, ‘‘आजोबा, त्या शाळांतल्या मुलांसाठी.’’ मूळ रहिवाशांची दीड लाखांहून अधिक मुले निवासी शाळांत ठेवली गेली. पुष्कळांना घरापासून बळाने तोडले गेले आणि त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून घेण्यात आली. हजारो मुले परत आली नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि २०१५ साली सत्यशोधन आयोगाने ९४ शिफारशी केल्या. संध्याकाळी नातीने विचारले, ‘‘बाबांच्या पुस्तकात हे किती पानं आहे?’’ मी पाहून सांगितले, ‘‘एक परिच्छेद.’’ ती काही बोलली नाही.

आपल्या माणसांच्याही टिपा आहेत. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाजावरच्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातूनच परत पाठवले गेले. त्याबद्दल माफी आली २०१६ साली. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानात ३२९ माणसे मेली. त्यांतली बहुसंख्य कॅनडाची नागरिक होती. तरी ही आपली राष्ट्रीय शोकांतिका आहे, हे त्या देशाच्या मनाने घ्यायला फार वर्षे लागली.

एका दृष्टीने कॅनडाची अडचण आपल्यापेक्षा वेगळी आहे. शिक्षण हा तिथे प्रांतांचा विषय आहे, त्यामुळे साऱ्या देशाचे एक पाठ्यपुस्तकच नाही. जॅक ग्रॅनॅटस्टीन या इतिहासकाराने १९९८ साली ‘कॅनडाचा इतिहास कोणी मारला?’ अशा नावाचे पुस्तक लिहून तक्रार केली होती. मात्र २०२५ साली शेजारचे अध्यक्ष कॅनडाला ‘एक्कावन्नावे राज्य’ म्हणत राहिले आणि खिडक्याखिडक्यांतून झेंडे दिसू लागले. आपण कोण, हा प्रश्न असा कोणीतरी दारात येऊन विचारला की सगळ्यांनाच एका गोष्टीची, एका पुस्तकाची गरज वाटू लागते.

ही गरज पुणेकराला नवी नाही. १८३९ च्या अहवालात लॉर्ड डरहॅम याने फ्रेंच कॅनडियनांना इतिहासही नाही आणि वाङ्मयही नाही असे लिहून टाकले. त्याला उत्तर म्हणून फ्रान्स्वा-झाव्हिए गार्नो याने इतिहास लिहायला घेतला. पहिला खंड १८४५ साली आला. आपल्याकडे ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात निबंध वाचून त्याची झडती घेतली. पुढे राजवाड्यांनी, आधी कागद छापा, इतिहास मागाहून लिहा, असा आग्रह धरला आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

या साऱ्यात मला गो. स. सरदेसाई फार जवळचे वाटतात. बडोद्याच्या राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी रियासती लिहिल्या. ताळेबंद आधी तयार झाला. मग १९३० च्या सुमारास, पासष्टीच्या घरात, हा माणूस पुण्यात पेशवे दफ्तरात जाऊन बसला, निवडक कागदांचे ४५ खंड काढले आणि त्यांच्या उजेडात मराठ्यांचा इतिहास पुन्हा इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. स्वतःचाच ताळेबंद रोजकीर्दीशी ताडून पाहण्याची ही तयारी दुर्मीळ आहे.

तशी सवय नसली की काय होते, हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिसले. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवले गेले. तिथल्या माजी राजघराण्याने हरकत घेतली आणि तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. पुण्यात कोणाला तो रंग सुखाचा वाटला असेल. जैसलमेरात तो वाटला नाही. हा वाद खरे तर कागद समोर ठेवून व्हायचा. झाला तो अभिमानाचा.

संक्षिप्त इतिहास वाचू नयेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. परक्या देशात तेच दार असते. फक्त पुस्तक कोणत्या साली निघाले ते पाहावे, एकाऐवजी दोन घ्यावीत, दुसरे शक्यतो पहिल्याशी भांडणारे असावे, आणि टिपा सोडू नयेत.

मी परतल्यावर दोघांचा शपथविधी झाला. मुलाने शपथेचा मजकूर फोनवर वाचून दाखवला. राज्यघटनेने मान्य केलेल्या मूळ रहिवाशांच्या आणि त्यांच्याशी झालेल्या करारांच्या हक्कांचा उल्लेख २०२१ पासून त्या शपथेतच आहे. बारीक अक्षरांतली टीप मुख्य मजकुरात आली होती. आपण काय देऊन काय घेतो आहोत, ते त्याला ठाऊक होते. माझा घसा दाटून आला, पण तक्रार उरली नाही.

मग नात फोनवर आली. ‘‘आजोबा, आता तुमच्याकडचा इतिहास. एका पुस्तकात मिळेल?’’

दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकात गेलो आणि दोन पुस्तके घेऊन आलो.