पूल कुणाच्या बापाचा?

आमच्या शनिवार पेठेत सध्या एक नवी पोपटपंची ऐकू येते. कुठं पूल पडला, कुठं होडी बुडाली, की चहाच्या कपावर निकाल लागतो : सरकारनं सगळं आपल्या मुठीत घेतलं म्हणून हे झालं. गावचा पूल गावाकडं द्या. घाटावरची होडी गावाकडं द्या. गाव जपेल.

गाव जपेल! कुणाला जपेल तेवढं सांगा की!

मित्रांनो, पेठेतल्यांनी हे बोलावं यात नवल नाही. पण आपली शिकलेली पोरंही 'विकेंद्रीकरण' म्हणत माना डोलवू लागलीत, म्हणून हे लिहितोय.

1868 साली मुंबई सरकारनं होड्यांचा कायदा केला. नदीवरचा उतार सार्वजनिक ठरवायचा, उतारूंचे दर ठरवायचे, मक्ता द्यायचा. हे अधिकार सरकारनं स्वतःकडं घेतले. इंग्रज काही आपला मामा नव्हता. त्याला महसूल हवा होता. पण छापील दराला एक गुण असतो : त्यात जातीचा रकाना नसतो.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशानं बांधलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. सार्वजनिक पैसा, ही ती किल्ली! हीच किल्ली पुढं घटनेच्या 15व्या कलमात आली. जिथं सरकारी पैसा लागतो त्या विहिरी, तळी, घाट, रस्ते कुणाला बंद नाहीत. 1955 च्या कायद्यानं तर नदी, वाट, सार्वजनिक वाहन अशी नावं घेऊन अडवणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. आता ही किल्ली गावकमिटीच्या कनवटीला परत बांधायची?

गावच्या हाती कारभार दिला की काय होतं, ते महाडला दिसलं. तिथल्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं ठराव करून खुलं केलं, म्हणजे कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब त्या तळ्याचं पाणी प्यायले. लोकांची डोकी फुटली. आणि 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेनं तो ठराव रद्द केला! ही आपली स्थानिक स्वराज्य संस्था. तळं तिच्याच ताब्यात होतं. तिनं काय जपलं? सोवळं जपलं. हायकोर्टाचा निकाल मिळायला 1937 उजाडलं.

म्हणून सरकारची आरती ओवाळायची का? मुळीच नाही. चाळीसगाव आठवा.

1929 साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब फिरत होते. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. टांगा मिळाला, हाकणारा मिळेना. शेवटी आपल्यातल्याच एका नवशिक्यानं लगाम धरला. नदीवरच्या पुलाला कठडा नव्हता, अंतराअंतरानं नुसते दगड. चाक अडकलं. बाबासाहेब फरशीवर आपटले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत.

या अपघाताचे गुन्हेगार दोन. टांगेवाला म्हणजे गाव. बिनकठड्याचा पूल म्हणजे सरकार. एकानं जातीपायी मारलं, दुसऱ्यानं बेफिकिरीपायी. यातल्या एकाला शिव्या घालताना दुसऱ्याला सोडून देणारा माणूस आपला नव्हे.

हा दुसरा गुन्हेगार अजून मोकाट आहे. पुन्हा महाडच बघा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या माणसांसकट गेल्या. जून 2017 मध्ये तिथं नवा पूल सुरू झाला. म्हणजे माणसं मेली की दहा महिन्यांत पूल होतो. जिवंत असताना होत नाही.

होड्यांचंही तेच. 1996 साली राज्यानं मेरीटाइम बोर्ड काढलं. 2021 साली दिल्लीनं 1917 चा जुना कायदा मोडीत काढून साऱ्या देशाच्या अंतर्गत जलवाहतुकीला एकच कायदा केला. आणि 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशीची बोट उलटली, सहा जण गेले. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, चौघं मेले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं होता म्हणे. फलक लावला की सरकारचे हात धुतले!

डाव ओळखा. अधिकार वर गेला, जबाबदारी मात्र खाली सांडली. बांधकाम खातं जिल्हा परिषदेकडं बोट दाखवतं, जिल्हा परिषद ग्रामपंचायतीकडं, ग्रामपंचायत मेलेल्याकडं : तू गेलासच का त्या पुलावर? कायदा एक झाला, जबाबदार माणूस एक झाला नाही. हे एकत्रीकरण नव्हे, ही पळवाट आहे.

तेव्हा आपली मागणी गावाकडं परत जाण्याची नाही. आपली मागणी पुढची आहे. पूल आणि होडी सरकारचीच हवी, आणि प्रत्येक पुलावर, प्रत्येक धक्क्यावर मालक खात्याचं नाव, तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचा हुद्दा रंगवलेला हवा. पूल पडला तर त्या हुद्द्यावरचा माणूस पहिला आरोपी. आणि कुठला पूल आधी बांधायचा हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपली माणसं हवीत. नाहीतर गावाला पक्का पूल आणि वस्तीला ओंडक्यांचा साकव हा जुना हिशेब सरकारी शिक्क्यानिशी चालूच राहील.

सभा पुरे. आपापल्या तालुक्यातले पूल, साकव, होड्या मोजा. 2005 च्या माहिती अधिकारात प्रत्येकाबद्दल तीनच प्रश्न टाका : मालक कोण? शेवटची तपासणी कधी? सही कुणाची? उत्तर येईल ते छापा. येणार नाही तेही छापा.

पूल कुणाच्या बापाचा नाही. तो जनतेच्या पैशाचा आहे, आणि त्या पैशात आपल्या घामाचा वाटा आहे. तो वाटा दान म्हणून मागू नका. हिशेब म्हणून मागा.

जयभीम!