फ्लेमिंगोला दुर्बीण, कोळ्याला चप्पल

आम्ही शिवडीकर तसे नशीबवान. थंडी पडली की आमच्या जेट्टीसमोरच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात आणि गळ्यात भारी कॅमेरे अडकवून अर्धी मुंबई निसर्गप्रेमी होते. छान आहे. पण हेच निसर्गप्रेमी घरात कोळी दिसला की आधी चप्पल शोधतात. (मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू?)

कोळी म्हटलं की आपल्याला जाळं आठवतं. पण आपल्याच मुंबईत, आरेच्या जमिनीत, ट्रॅपडोअर कोळी राहतो. तो बीळ खणतो, आतून रेशमाचं अस्तर लावतो आणि वर माती-रेशमाचं झाकण बसवतो, तेही बिजागरीसकट! रात्री झाकणाआड दबा धरून बसायचं, किड्याच्या पावलांची थरथर जाणवली की झडप. या कुळातल्या एका जातीचं नावच 'इडिओप्स बॉम्बेएन्सिस' आहे. आता बोला!

मादी सहसा जन्मभर एकाच बिळात राहते. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून नोंद ठेवलेली याच कुळातली एक मादी ४३ वर्षं जगली, एकाच बिळात. आमच्या चाळीतले भाडेकरूसुद्धा इतके चिकट नसतात.

आता मुद्दा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेत २,१४१ झाडं कापली. भांडण झालं ते झाडांवरून, आणि सरकारी उत्तरही झाडांचंच : दुसरीकडे लावू. पण बुलडोझरने खरवडलेल्या मातीचं काय? बीळ उपटून दुसरीकडे लावता येत नाही. पिल्लंही बहुतेक आईच्या आसपासच बिळं करतात, म्हणजे एक तुकडा सपाट झाला की तिथली वस्तीच संपली. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप न घेता डिलीट मारलं.

"मग काय, एका कोळ्यासाठी मेट्रो थांबवायची?" असं कोणीतरी विचारणारच. नाही हो. हार्बरला लटकणाऱ्या माणसाला मेट्रोचं महत्त्व सांगू नका. माझं म्हणणं एवढंच की परवानगी देण्याआधी झाडं मोजता तशी जमीनही वाका आणि बघा. कारशेड कुठे ठेवायची हे कागदावर असतानाच ठरवता येतं. नंतर रोपं लावून हिशोब जुळल्याचं नाटक करू नका.

फ्लेमिंगोंना निदान पंख आहेत. चिखल बिघडला तर उडून जातील. झाकणाखालच्या मुंबईकराने जायचं कुठे?