अवघड ते अवघडच राहू द्या

मंडळी, आजचा विषय ऑपेरा. थांबा, लगेच पळू नका! मी काही ऑपेरातली जाणकार नाही. लहानपणी कानावर पडलं ते नाट्यसंगीत, तेही आजोबांच्या रेडिओवरचं. पण गेले काही वीकेंड मी ग्रॅहम विक नावाच्या ब्रिटिश दिग्दर्शकाबद्दल मिळेल ते वाचतेय, आणि त्यातून एक भलताच प्रश्न डोक्यात घोळायला लागलाय. "सर्वसामान्यांसाठी" म्हणून आपण जे काही करतो, ते दर वेळी सोपं, छोटं आणि पातळ करूनच का देतो?

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑपेरा म्हणजे ढोबळमानाने संगीत नाटकच, पण बहुतेक ऑपेरांत गद्य संवादही गाऊनच म्हणतात. समोर साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा, आणि गायकाला माईक नाही. त्या सगळ्या वाद्यांवरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. त्यामुळे गायकांची तयारी वर्षानुवर्षांची, खर्च अफाट, तिकिटं महाग आणि प्रेक्षक... असो. तुम्हाला अंदाज आलाच असेल.

विकचा जन्म १९५३ चा, लिव्हरपूलच्या समोर नदीपलीकडच्या बर्कनहेड या जहाजबांधणीच्या गावातला. मँचेस्टरला संगीत शिकला आणि दिग्दर्शनाकडे वळला. सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये त्यानं ऑपेराची छोटी तुकडी घेऊन फक्त पियानोच्या साथीवर गावोगाव प्रयोग केले. तिशीच्या आत असताना यॉर्कशरमध्ये तीनशे बेकार तरुण-तरुणींना घेऊन 'वेस्ट साइड स्टोरी' केली. पुढचा आलेख मात्र सरळ वर जाणारा. १९९४ ते २००० तो ग्लाइंडबोर्नचा निर्मितिप्रमुख होता. ग्लाइंडबोर्न म्हणजे इंग्लंडच्या ग्रामीण भागातला उन्हाळी ऑपेरा महोत्सव, जिथे लोक काळे सूट आणि लांब गाऊन घालून येतात आणि लांबलचक मध्यंतरात हिरवळीवर बसून जेवतात. लंडनचं रॉयल ऑपेरा हाउस नूतनीकरणानंतर १९९९ मध्ये उघडलं ते त्याच्या 'फालस्टाफ'नं. २००१ मध्ये मिलानच्या ला स्काला थिएटरच्या हंगामाची सुरुवात झाली ती त्याच्याच 'ओतेल्लो'नं. अपयशही मोठ्या ठिकाणी मिळालं: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये २००० साली त्याचा 'इल त्रोवातोरे' सपशेल आपटला, प्रेक्षकांनी चक्क हुर्यो उडवली.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर त्या क्षेत्रातलं जे सगळ्यात वरचं बँड असतं, तिथे हा माणूस पोचलेला होता. आता गंमत बघा. हे सगळं चालू असताना, १९८७ पासून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ३४ वर्षं, तो बर्मिंगहॅममध्ये एक वेगळीच कंपनी चालवत होता.

बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं शहर. मोटारगाड्या, धातूकाम, कॅडबरीचं चॉकलेट. पंजाब, मीरपूर, सिल्हेट आणि कॅरिबियन बेटांवरून कामाला आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आता तिथे नांदते. इथे विकनं ज्या कंपनीची स्थापना केली तिचं आधीचं नाव 'सिटी ऑफ बर्मिंगहॅम टूरिंग ऑपेरा' आणि नंतरचं 'बर्मिंगहॅम ऑपेरा कंपनी'.

सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी केलं ते आपण सगळेच करतो तेच. मोठं काम छोटं केलं. वागनरची चार रात्रींची 'रिंग' मालिका १९९० मध्ये दोन संध्याकाळींत बसवली, ऑर्केस्ट्रा आणला अठरा वादकांवर, आणि क्रीडासंकुलांमध्ये जाऊन प्रयोग केले. वाईट काहीच नाही त्यात. उलट कौतुकच झालं. पण २००१ च्या सुमाराला विकनं दिशाच बदलली. लोकांच्या दारात छोटा ऑपेरा नेण्याऐवजी त्यानं लोकांनाच पूर्ण आकाराच्या ऑपेरात ओढलं.

पद्धत अशी. मुख्य गायक, कंडक्टर आणि ऑर्केस्ट्रा पक्के व्यावसायिक. कोरस, नट आणि नर्तक मात्र शहरातले स्वयंसेवक, एकेका प्रयोगात शंभर-दोनशे. नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त माणसं. स्वतःचं थिएटर नाही. रिकामं गोदाम, बंद कारखाना, बागेतला तंबू, जुना डान्स हॉल, मिळेल ती जागा. गाणं इंग्रजीत, इटालियन किंवा रशियनमध्ये नाही. प्रेक्षकांना खुर्च्याच नाहीत. लोक उभे, चालते, आणि ऑपेरा त्यांच्या मधोमध. तुमच्या शेजारी उभी असलेली बाई एकदम गायला लागते, तेव्हा कळतं की ती कोरसमधली आहे.

आणि कामं कुठली निवडली? इथेच माझा सगळा मुद्दा आहे. हौशी लोक आहेत, तर काहीतरी गोड, गुणगुणता येईल असं घ्यावं, हा आपला सरळ हिशेब. विकनं घेतला आल्बान बर्गचा 'वॉयत्सेक'. हे संगीत कानाला इतकं अनोळखी, की व्यावसायिक कोरसलाही घाम फुटतो. नंतर बीथोवनचा 'फिडेलिओ', मुसोर्गस्कीचा 'खोवान्शिना', शोस्ताकोविचचा 'लेडी मॅकबेथ ऑफ म्त्सेंस्क'. २०१५ मध्ये मायकल टिपेटचा 'द आइस ब्रेक', ज्यात दोन जमावांमध्ये वांशिक दंगल पेटते. विचार करा, वेगवेगळ्या वंशांची माणसं जिथे शेजारी राहतात त्या शहरातल्या गोदामात, त्याच शहरातली सामान्य माणसं तो जमाव झाली आहेत आणि प्रेक्षक त्या जमावाच्या आत उभे आहेत. पगारी कोरसनं मखमली पडद्याच्या पलीकडून गायलेली दंगल आणि ही दंगल एकच असेल का?

२००९ चा 'ऑथेल्लो' घ्या. ही गोष्ट आपल्याकडे देवलांच्या 'झुंजारराव'मुळे जुन्या पिढीला चांगली ठाऊक. व्हर्दीच्या ऑपेरात ऑथेल्लोचं काम पिढ्यान् पिढ्या गोरे गायक तोंडाला काळा रंग फासून करत आले. मेट्रोपॉलिटननं हा रंग बंद केला तो २०१५ मध्ये. बर्मिंगहॅमच्या रिकाम्या कारखान्यात मात्र २००९ लाच रोनाल्ड सॅम हा त्रिनिदादचा गायक ऑथेल्लो झाला होता. ब्रिटनमधल्या व्यावसायिक निर्मितीत ही भूमिका गाणारा तो पहिला कृष्णवर्णीय टेनर. जी गोष्ट मोठमोठ्या थिएटरांना सुचली नाही, ती तिथे अगदी साहजिक वाटली. कारण दारातून आत कोण येतं यावर आत काय सुचतं हे ठरतं.

आणि ऑगस्ट २०१२ मध्ये तर कहरच. कार्लहाइन्त्स श्टोकहाउजेनचा 'मिटवोख' म्हणजे 'बुधवार'. मध्यंतरं धरून पाच-सहा तासांचा. त्यातल्या एका भागात चार वादक चार वेगवेगळ्या हेलिकॉप्टरांत बसून आकाशात वाजवतात, आणि त्यांचा आवाज व चित्र पंख्यांच्या घरघरीसकट थेट खाली सभागृहात येतं. लाइव्ह डेमोच्या आधी प्रोजेक्टर चालेल ना या काळजीनं ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या माझ्या समस्त सहकाऱ्यांनी या डेमोचा क्षणभर विचार करावा! हा ऑपेरा तोवर जगात कुणीही पूर्ण रंगमंचावर आणला नव्हता. तो पहिल्यांदा उभा राहिला बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्यात, या कंपनीकडून.

आता आपल्याकडे या. आयटीत सगळ्यांना 'समाजासाठी काहीतरी' करायचं असतं, आणि ते मनापासून करायचं असतं, हे मी मान्य करते. पण होतं काय? एक शनिवार, एक रंगीत टी-शर्ट, वस्तीतल्या शाळेत दोन तास 'कॉम्प्युटरची ओळख', ग्रुप फोटो, सोमवारी इंट्रानेटवर बातमी. ज्या मुलांच्या हातात मोबाईल आहे त्यांना आपण माऊस कसा धरायचा ते शिकवतो. आपलं खरं कौशल्य, ज्याचे क्लायंट पैसे मोजतो, ते आपण त्या शाळेत नेतच नाही. ते सोमवार ते शुक्रवारसाठी राखीव. शनिवारी न्यायचं ते उरलंसुरलं.

विककडून घ्यायचं ते हेच, असं मला वाटतं. त्यानं ला स्कालासाठी एक विक आणि बर्मिंगहॅमसाठी दुसरा, असा भेद ठेवला नाही. तालमीला येणाऱ्या शिक्षिकेकडून त्यानं तितकीच कडक अपेक्षा ठेवली. कडक अपेक्षा हा एक प्रकारचा आदर असतो, हे आपण विसरतो. "त्यांना झेपणार नाही" हे वाक्य आपण प्रेमानं म्हणतो, पण त्यात समोरच्याची किंमत आपणच ठरवून मोकळे झालेलो असतो. अवघड गोष्ट अवघडच ठेवायची, वेळ भरपूर द्यायचा, शिकवणारे उत्तम द्यायचे आणि दार सताड उघडं ठेवायचं. सोपं करायचंच असेल तर आत येणं सोपं करावं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते फालतू नाहीत. पहिला: गायकांना पैसे आणि कोरसला नाही, हे फुकटात राबवून घेणं नाही का? हा प्रश्न मलाही टोचतो, कारण 'शिकायला मिळतंय ना' म्हणून फुकट काम करून घेणाऱ्यांचे किस्से आपल्या क्षेत्रात कमी नाहीत. पण तिथे कुणी दुसऱ्याच्या नफ्यासाठी राबत नाही. दर प्रयोग अनुदानावर उभा. आणि स्वयंसेवक म्हणजे स्वस्तातला कोरस, असाही प्रकार नाही. महिनोन् महिने संध्याकाळी शिकवत बसण्यापेक्षा तयार कोरस भाड्यानं आणणं कितीतरी सोपं पडलं असतं.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. वर्षाकाठी साधारण एक मोठी निर्मिती, तीही मोजक्या रात्री. स्केल कुठे आहे? आपल्या लोकांचा हा लाडका शब्द. खरंय, हे स्केल होत नाही. पण सहा महिने शोस्ताकोविच अंगात मुरवलेला माणूस आणि सहा मिनिटांचा व्हिडिओ बघून 'लाइक' करणारा माणूस, यांची बेरीज एकाच रकान्यात करणं मला पटत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: हे सगळं एका माणसाच्या जिवावर चालतं, तो गेला की संपलं. विकचं १७ जुलै २०२१ ला कोविडनं निधन झालं. वय ६७, जेमतेम महिन्याभरापूर्वी 'सर' हा किताब जाहीर झालेला. त्या वेळी बर्मिंगहॅममध्ये वागनरच्या 'राइनगोल्ड'ची तयारी चालू होती. त्याच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग दोन आठवड्यांत उभा केला, ठरल्या वेळी. कंडक्टर होता अल्पेश चौहान, बर्मिंगहॅममध्येच जन्मलेला, भारतीय वंशाचा, २०२० मध्ये कंपनीचा संगीत दिग्दर्शक झालेला. म्हणजे दार उघडं ठेवल्याचा एक परिणाम असाही, की मालक गेला तरी घर उघडं राहतं.

अर्थात पैशाचा प्रश्न राहतोच. बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीसारखी नोटीस काढली आणि नंतर शहरातल्या मोठ्या कलासंस्थांचं अनुदान दोन वर्षांत शून्यावर आणायचं ठरवलं. खड्डे बुजवायचे की गोदामात ऑपेरा करायचा, हा प्रश्न विचारला की उत्तर आधीच ठरलेलं असतं. पण असा प्रश्न कायम सामान्य माणसांच्या ऑपेराबद्दलच विचारला जातो. हिरवळीवर जेवणाऱ्यांना कुणी विचारत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एचआरची 'व्हॉलंटियरिंग डे'ची मेल आली, की नावनोंदणी जरूर करा. फक्त जाताना सोबत काय नेताय ते बघा. आपल्याला येणारी सगळ्यात अवघड गोष्ट न्या. आणि एका शनिवारी आटपणारं नसेल तर वर्षभराचे शनिवार मागून घ्या. देतात का बघू!