घशातली जाळी आणि मोरीतली बाटली

वाकोल्यात आमच्या इमारतीत मला कादंबरीकार म्हणून कोणी ओळखत नाही. निवृत्त बँक अधिकारी म्हणून सगळे ओळखतात. त्यामुळे शेजारी येतात ते हिशेब घेऊन. असेच मागे एक गृहस्थ आले. त्यांचा सात वर्षांचा नातू मोरीतल्या शीतपेयाच्या बाटलीतले फरशी धुण्याचे अ‍ॅसिड प्यायला होता. जीव वाचला, पण भाजलेली अन्ननलिका जखम भरताना आवळली. घास उतरेना.

"साहेब, माझ्या हृदयात जाळी बसवली, तशी याच्या घशात बसवू. कर्ज मिळेल ना?"

मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागदावर नळी काढून समजावले. हृदयातली जाळी तिथेच राहते. अन्ननलिकेतही कर्करोगाच्या रुग्णाला उरलेल्या दिवसांत गिळता यावे म्हणून जाळी ठेवतात. पण इथे कर्करोग नाही, आणि पोराला अख्खे आयुष्य काढायचे आहे. उघड्या जाळीच्या छिद्रांतून मांस वाढते, मग ती काढणे कठीण. आवरण असलेली जाळी काढता येते, पण ती जागेवरून घसरते. म्हणून आधी दुर्बिणीतून फुगा घालून नळी थोडी थोडी रुंद करायची. आवळली की पुन्हा. वारंवार करूनही दाद मिळाली नाही, तरच तात्पुरती जाळी. ती तीन महिन्यांच्या आत काढावी, असे युरोपातले तज्ज्ञ सांगतात. काढल्यावर नळी पुन्हा आवळू शकते, ते वेगळेच.

बँकेच्या भाषेत फुगा म्हणजे हप्ता आणि जाळी म्हणजे ओव्हरड्राफ्ट. त्याने वेळ निभावते, मुद्दल फिटत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने जाळ्यांच्या किमतींना लगाम घातला. औषधी जाळी २९,६०० रुपयांवर आणली. पण तो निर्णय हृदयाच्या जाळ्यांपुरता होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खरेदीदाराची नोंद ठेवल्याशिवाय अ‍ॅसिड विकू नये, असे बजावले. तो आदेश अ‍ॅसिडहल्ले रोखण्यासाठी होता. पण पाळला गेला असता, तर ही बाटलीही सहजी घरात आली नसती. आमच्या शेजाऱ्यांनी ती दारावर घेतली होती. नाव विचारले नाही, वहीही नव्हती.

नातवाला सध्या हप्ते चालू आहेत. परवा त्याने वाटीभर पेज प्यायली, तेव्हा आजोबांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली.

आज रविवार आहे. चहा झाला की मोरीत एकदा डोकावून या. शीतपेयाच्या बाटलीत दुसरे काही भरलेले असेल, तर ते आजच हलवा. आणि दुर्दैवाने कोणी प्यायलेच, तर उलटी करवू नका. थेट रुग्णालय गाठा.