चोविसाव्या हिश्श्याची मोटार

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

छंद कोणता, असे विचारले की आपल्याकडची उत्तरे ठरलेली असतात. वाचन, संगीत, प्रवास, फार तर नाणी आणि तिकिटे. कुणी 'मोटारींच्या प्रतिकृती जोडतो' असे सांगितले, तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे खेळण्यातल्या गाड्या ना?" या हसण्यालाच उत्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच. हा छंद पोरखेळ नव्हे, असे मला म्हणायचे आहे. आपल्या शिक्षणात जी एक गोष्ट राहून जाते, ती या छंदात शिकायला मिळते. आणि या छंदाचे कौतुक करणाऱ्याला त्यापुढची एक गोष्ट टाळता येणार नाही. ती शेवटी सांगतो.

ज्यांनी असा संच पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन. डब्यात मोटार नसते. पॉलिस्टायरीन नावाचे प्लॅस्टिक वितळवून, दाबाने साच्यात भरून काढलेल्या चौकटी असतात आणि त्या चौकटींना मोटारीचे लहान लहान भाग फळासारखे लटकलेले असतात. भाग कापायचा, कापल्याची खूण घासून काढायची, साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये उमटलेली बारीक रेघ घालवायची, आणि मगच जोडायचे. जोडण्याचे द्रव्य म्हणजे डिंक नव्हे. ते प्लॅस्टिकच्या कडा विरघळवते, दोन्ही कडा एकजीव होतात आणि द्रव उडून जातो. काचांना मात्र ते चालत नाही, त्या डागाळतात. तेथे आपला पांढरा फेव्हिकॉलच बरा. चकाकणाऱ्या पट्ट्यांसाठी मिठाईवरच्या वर्खासारखा, पण मागून चिकट असलेला धातूचा पातळ पत्रा मिळतो.

जोडणी झाली म्हणजे निम्मे काम झाले, असे नवख्याला वाटते. खरे काम पुढेच असते. प्रायमरचा राखी हात दिला की आजवर लपलेला प्रत्येक ओरखडा वर येतो. पुन्हा पुट्टी, पुन्हा पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. मग रंगाचे पातळ पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळण्याची वाट. शेवटी पारदर्शक लॅकर, तोही घासायचा आणि चकाकी येईपर्यंत पुसायचा. रंगांचेही नियम आहेत. इनॅमलवर लॅकर मारला तर त्यातला तीव्र द्रावक खालचा थर उचलतो आणि साऱ्या टपाला सुरकुत्या पडतात. येथे घाईला क्षमा नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून निभावते तसे येथे निभावत नाही.

प्रमाणाचे गणित तर फारच मौजेचे. मोटारींसाठी १:२४ हे प्रमाण पुष्कळ चालते. इंग्रजी मापात ते एका फुटाला अर्धा इंच असे बसते. १९६६ ची फोक्सवॅगन बीटल सुमारे चार मीटर सात सेंटिमीटर लांब होती. १:२४ मध्ये ती सतरा सेंटिमीटरांची होते, तळहातावर मावते. पण रंगाचा थर काही चोवीस पटींनी आपोआप पातळ होत नाही. एक दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या मोटारीवर साधारणच. प्रतिकृतीवर तोच थर खऱ्या मोटारीवरच्या २.४ मिलिमीटरांइतका जाड ठरतो. दरवाज्याच्या फटी त्याने बुजून जातात. म्हणजे लहान वस्तू करायची तर हातही तितकाच हलका हवा.

आपल्यालाही प्रतिकृती परक्या नाहीत. दिवाळीचा किल्ला आपण सर्वांनीच केला आहे. पण त्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा बुरुजाहून उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यात मावणार नाहीत एवढे. त्यात चूक काही नाही. तेथे भाव मोठा, म्हणून मूर्ती मोठी. मोटारीच्या प्रतिकृतीत भावाला ही सवलत नाही. जे जेवढे आहे ते तेवढेच. आपल्याला जे आवडते तेही मापातच पाहायचे, ही शिस्त साहित्याच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

या छंदाचा इतिहासही नुसत्या करमणुकीचा नाही. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती काढली ती मुलांसाठी नव्हे, ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींसाठी. पुढे तीच सुट्या भागांत विकली गेली. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही १९४६ साली सुरू झालेली लाकूड कापण्याची गिरणी. १९५१ च्या आगीत तिचे गोदाम जळाले. १९५३ साली तिने लाकडाचा धंदा सोडून प्रतिकृतींवरच लक्ष दिले. तिच्या शुनसाकू तामिया यांनी पोर्शेची प्रतिकृती बिनचूक व्हावी म्हणून खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून पाहिली. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात शाळकरी मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा चालवली. मुलींना तिच्यात स्थान नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. तेथे तयार संच नसत. मोटार स्वतःच कल्पून १:१२ मध्ये घडवावी लागे आणि बक्षीस म्हणून शिष्यवृत्ती मिळे. १९४७ साली ती जिंकणारा चार्ल्स जॉर्डन पुढे त्याच जनरल मोटर्सच्या अभिकल्प विभागाचा प्रमुख झाला.

आता आक्षेप. पहिला असा की, यात निर्मिती कुठे आहे? भाग दुसऱ्याचे, नकाशा दुसऱ्याचा. पण बंदिशही गायकाने कुठे रचलेली असते? तीच बंदिश दहा जण गातात आणि दहा निराळी गाणी ऐकू येतात. एकाच संचाच्या दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या, तर कुणाचा हात कसा आहे हे झाकून राहत नाही. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. चांगले संच परदेशातून येतात. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर नेले गेले. देशी खेळणी उद्योगाला त्याचा लाभ झाला असेल, पण खेळणे आणि प्रतिकृतीचा संच यांत कायद्याला फरक दिसत नाही. तेव्हा विद्यार्थ्याने वर्षातून एखादाच संच घ्यावा, तोही दोघातिघांत. बीटलची प्रतिकृती मी आणि एका मित्राने अशीच वर्गणी काढून केली. तिला आम्हाला दीड महिना लागला.

येथे माझ्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण माझा मुद्दा तिच्यावाचून पुरा होत नाही. माझे वडील गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वर पुट्टी, प्रायमर, पाणी लावून घासणे, पातळ हात, लॅकर, पॉलिश असे जे जे मी छंद म्हणून वर्णिले, ते सारे ते तीस वर्षे पोटासाठी करीत आले आहेत. प्रतिकृती त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी ती उजेडात तिरपी धरली, टपावरून नजर फिरवली आणि विचारले, "किती दिवस लागले?" मी सांगितले. ते म्हणाले, "आमचं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी गाडी मागतं."

त्या वाक्याने मला विचारात पाडले. काम तेच, कसब तेच. त्यांचे माझ्याहून कितीतरी अधिक. मग एकाला आपण छंद म्हणतो, कला म्हणतो, आणि दुसऱ्याला 'गॅरेजवाला' म्हणून हाक मारतो, ते का? एकाजवळ वेळ आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, एवढ्यावरूनच ना? संचाच्या कागदावर आणि रंगाच्या डबीवर सूचना छापलेली असते की खिडक्या उघड्या ठेवा, वाफ नाकात जाऊ देऊ नका. छंद करणारा माणूस ती वाचतो आणि पाळतो. पण मोटारींच्या टू-पॅक रंगांतील आयसोसायनेट द्रव्यांमुळे कायमचा दमा जडू शकतो, हे वैद्यकाला ठाऊक असूनही किती गॅरेजांत धड मुखवटा असतो? माझ्या वडिलांच्या तोंडावर आजही रुमालच असतो. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहितो आणि त्याला चांगले गुणही मिळवतो. पण हाताने एखादी वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत पुरी करण्याचा प्रसंग तीन वर्षांत आपल्यावर येत नाही. प्रतिकृतीचा छंद मला मोलाचा वाटतो तो यासाठी. पुट्टी घासून बोटांची साले निघाल्यावर श्रम या शब्दाचा अर्थ शब्दकोशाबाहेर कळू लागतो. मात्र तो कळून आपण नुसतेच आपल्या कपाटातली मोटार पुसत बसलो, तर त्या छंदाला हसणारे बरोबर ठरतील.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या स्नेहसंमेलनात रांगोळी आणि पुष्परचना यांची प्रदर्शने असतात. त्यांच्या शेजारी एक टेबल प्रतिकृतींसाठी ठेवावे. संच परवडत नसेल तर पुठ्ठ्याची, लाकडाची, ज्वारीच्या धांड्याची गाडीही चालेल. माप मात्र नेमके हवे. आणि परीक्षक म्हणून गावातल्या एखाद्या गॅरेजातला रंगारी बोलवावा. त्याला मंचावर खुर्ची द्यावी, हाती श्रीफळ द्यावे, आणि त्याच समारंभात नळकांड्यांचा एक चांगला मुखवटा भेट द्यावा. खर्च जिमखान्याच्या एका चषकाहून अधिक येणार नाही.